बंद दर्याचा इतिहास

कोकण किनाऱ्याचा इतिहास आपण सत्तांच्या क्रमाने सांगतो. सातवाहनांचे सोपारा, शिलाहारांचे ठाणे, बहमनींचे दाभोळ, पोर्तुगिजांची वसई, शिवछत्रपतींचा सिंधुदुर्ग, आंग्र्यांचा कुलाबा आणि मग इंग्रजांची मुंबई. सत्ता बदलल्या, जकातीचे हक्कदार बदलले, काही बंदरे भरभराटली आणि काही गाळात गेली. पण या सगळ्या काळात एक शिरस्ता कोणालाही मोडीत काढता आला नाही. मृग जवळ आला की गलबते खाडीत शिरत, किनाऱ्यावर ओढून घेतली जात, झापांनी शाकारली जात आणि श्रावण अर्धा उलटेपर्यंत दर्या बंद राहत असे. या शिरस्त्याची कारणे सहसा दोन सांगितली जातात. एक श्रद्धेचे: दर्याला नारळ अर्पण केल्याशिवाय त्याच्या अंगावर जायचे नाही. दुसरे लाचारीचे: शिडाच्या होड्यांना पावसाळा झेपत नव्हता, म्हणून माणसे घरी बसत. ही दोन्ही कारणे अपुरी आहेत, असे मला वाटते. दर्या बंद ठेवणे ही लाटा आणि प्रवाह यांच्या दीर्घ निरीक्षणातून उभी राहिलेली व्यवस्था होती. व्यापाराचे आणि युद्धाचे वेळापत्रक तिच्यावर बेतलेले होते. इंजिन आल्यामुळे ती मोडणे सोपे झाले, पण तिच्यामागचे कारण तसूभरही हलले नाही.

सुरुवात लाटेपासून केली पाहिजे. वारा पाण्यावरून वाहताना आपली शक्ती पाण्याला देतो. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून वाहिला. जून ते ऑगस्ट या काळात अरबी समुद्रावर या तिन्ही गोष्टी एकदम टोकाला पोचतात. सोमालियापासून कोकणापर्यंत दोन हजार किलोमीटरहून अधिक मोकळे पाणी आहे आणि त्यावरून आठवडेच्या आठवडे एकाच दिशेने वारा वाहत असतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडून येणारा आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरात वाहणारा वाऱ्याचा झोत फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने १९६९ साली दाखवून दिला. नैर्ऋत्य मान्सूनचा कणा तोच. या वाऱ्याने उठवलेल्या लाटांमध्ये पाणी पुढे सरकत नाही, शक्ती पुढे सरकते. खोल समुद्रात पाण्याचा कण गोल फिरून जवळजवळ आपल्या मूळ जागी येतो. प्रवास लाटेचा होतो. दहा सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे १५६ मीटर असते आणि ती ताशी ५६ किलोमीटर वेगाने धावते. नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकणासमोरची लाट साधारण एक मीटरच्या आसपास असते. भर पावसाळ्यात ती चार मीटरच्या वर जाते. लाटेतली शक्ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे उंची चौपट झाली की शक्ती सोळापट होते. शांत दर्या आणि खवळलेला दर्या यांतला फरक इतका मोठा आहे.

तरीही खरा धोका भर समुद्रात नाही. तो किनाऱ्यापाशी आहे. लाटेच्या लांबीच्या निम्म्यापेक्षा पाणी उथळ झाले की लाटेला तळ लागतो. दहा सेकंदांच्या लाटेला तो सुमारे ७८ मीटर खोलीवरच लागायला सुरुवात होते, आणि आपला किनारा तर लांबवर उथळ आहे. मुंबईसमोर समुद्रबूड जमिनीचा पट्टा सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. तळ लागलेली लाट मंदावते. पाच मीटर पाण्यात तिचा वेग ताशी २५ किलोमीटरवर येतो. मागून येणाऱ्या लाटा जवळ जवळ येतात, शक्ती कमी जागेत दाटते, लाट उभी राहते आणि पाण्याच्या खोलीच्या सुमारे आठ दशांश इतकी उंच झाली की फुटते. आता सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, ही बंदरे डोळ्यांसमोर आणा. कोकणातली बहुतेक बंदरे अशी खाडीच्या तोंडाशी आहेत आणि खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा असतो. दांड्यावर तीन मीटर पाणी असेल तर अडीच मीटरची लाट तिथेच फुटणार. त्यातच सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस नदीतून खाडीत उतरतो आणि ओहोटीबरोबर जोराने बाहेर पडतो. येणारी लाट आणि जाणारे पाणी समोरासमोर भिडले की लाट आखूड आणि अधिक उभी होते. मैलोन्मैल समुद्र ओलांडून आलेले जहाज घराच्या उंबऱ्यावर, दांड्यावरच्या या शे-दोनशे मीटरच्या पट्ट्यात फुटू शकते. वारा किनाऱ्याकडे रेटत असल्यामुळे मागे फिरायलाही वाव नसतो. दर्या बंद ठेवण्याचे मूळ इथे आहे.

हे लक्षात घेतले की एका जुन्या आक्षेपाचे उत्तर मिळते. कोणी म्हणेल, पावसाळ्यात दर्या बंद होता तर रोमन काळातले व्यापारी नेमके त्याच वाऱ्यावर भारतात कसे येत होते? इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ सांगतो की भारताकडे जाणारी जहाजे इजिप्तमधून जुलैच्या सुमारास सुटत. ऐन मान्सूनात सुटण्याचा हा सल्ला वरवर पाहता आपल्या शिरस्त्याच्या उलट वाटतो. पण हिशेब मांडून पाहा. जुलैत निघालेले जहाज तांबडा समुद्र उतरून ऑगस्टमध्ये एडनच्या आखाताबाहेर पडते. पुढचा सलग समुद्रप्रवास प्लिनी या रोमन लेखकाने केरळ किनाऱ्यावरच्या मुझिरिस बंदरापर्यंत चाळीस दिवसांचा सांगितला आहे. म्हणजे जहाज भारताच्या किनाऱ्याला लागते ते सप्टेंबरात, वारा पडू लागल्यावर. भर समुद्रात मोठ्या, भरभक्कम जहाजाला मागून येणारा वारा आणि लांब लाटा सोसवत होत्या. टाळायचे होते ते जून-जुलैत आपल्या किनाऱ्याला भिडणे. पश्चिमेकडून येणाऱ्याने ऐन मोसमाचा वारा घ्यायचा, पण किनारा गाठायचा तो वारा सरताना, आणि परतायचे डिसेंबर-जानेवारीत, ईशान्येच्या वाऱ्यावर. ‘पेरिप्लस’ची तारीख म्हणूनच आपल्या शिरस्त्याला छेद देत नाही. समुद्राच्या पलीकडच्या टोकाकडून ती त्याला दुजोरा देते.

त्याच ग्रंथात भरती-ओहोटीच्या प्रवाहाचे फार बारीक वर्णन आहे. नर्मदेच्या मुखातले भडोच हे तेव्हाचे सर्वांत गजबजलेले बंदर. खंबातच्या आखातात उधाणाच्या भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, कारण निमुळत्या होत जाणाऱ्या आखातात भरतीचे पाणी कोंडले जाऊन चढते. अनोळखी जहाजाला हा प्रवाह ओढून उथळ जागी नेऊन बसवी आणि पुढच्या भरतीची धडक त्याला उलथवून टाकी. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार आपल्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परक्या जहाजांना दोर लावून आत आणत, भरतीबरोबर पुढे सरकत आणि ओहोटी लागली की ठरलेल्या खोल डोहांत नांगर टाकून थांबत. प्रवाहाशी झगडायचे नाही, त्याच्या वेळापत्रकावर चालायचे, हे तंत्र तेव्हाच इतके पक्के होते की सत्तेने त्यासाठी माणसे नेमली होती. इथे दुसरा आक्षेप येतो: बंदरांचे नशीब राजे ठरवत होते, लाटा नव्हेत. त्यालाही आधार ‘पेरिप्लस’चाच आहे. कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात नमूद आहे. हे खरेच आहे. जहाजाने कोणत्या बंदरात माल उतरवायचा हे राजा ठरवू शकत होता. कोणत्या महिन्यात उतरवायचा हे मात्र त्याच्या हातात नव्हते. राजसत्ता आणि समुद्र यांच्या अधिकारांची ही विभागणी पुढे कोकणच्या इतिहासात कायम राहिली.

अरब नाखव्यांनी हे ज्ञान लिहून ठेवले. इब्न माजिद याने १४९० च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात अरबी समुद्रातल्या प्रत्येक मार्गासाठी निघण्याचे योग्य दिवस दिले आहेत आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सुमारे तीन महिने समुद्र बंद असतो हे गृहीत धरले आहे. त्या बंद काळाच्या आधी पोचणाऱ्यांचा एक हंगाम आणि तो सरल्यावर पोचणाऱ्यांचा दुसरा, अशी त्याची मांडणी आहे. त्याची कालगणना विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मुसलमान नाखव्यांचे धार्मिक पंचांग चांद्र होते आणि शुद्ध चांद्र वर्ष ऋतूंपासून दरवर्षी अकरा दिवसांनी सरकते. म्हणून समुद्रावर ते नौरोजपासून दिवस मोजत; नौरोजनंतरचा अमुकावा दिवस, अशा सौर गणनेवर जहाज सोडत. धर्माचे पंचांग एक आणि दर्याचे दुसरे, हा भेद त्यांनी जाणीवपूर्वक पाळला. समुद्र बंद ठेवण्यामागे केवळ श्रद्धा असती तर असे दुसरे पंचांग ठेवण्याची गरजच पडली नसती.

पोर्तुगीज आले ते तोफा आणि परवाने घेऊन. समुद्रावर कोणी व्यापार करायचा हे आम्ही ठरवू, असा त्यांचा दावा होता आणि शंभर वर्षे तो त्यांनी बऱ्याच अंशी चालवलाही. पण लिस्बनहून त्यांची जहाजे मार्च-एप्रिलमध्ये सुटत ती सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला पोचावीत म्हणूनच, आणि परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत निघत. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने पावसाळ्यात मांडवीचे तोंड वाळूने बंद होते आणि पाऊस सरल्यावर मोकळे होते, हे नोंदवून ठेवले आहे. ही वाळू लाटाच आणून टाकतात. तिरप्या येणाऱ्या पावसाळी लाटा किनाऱ्याला समांतर असा पाण्याचा ओघ निर्माण करतात, त्याबरोबर वाळू वाहते आणि नदीच्या तोंडाशी दांडा चढतो. पुढे सतराव्या शतकात डचांनी गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा त्यांची जहाजे उघड्या हंगामात येत आणि पावसाळ्यापूर्वी निघून जात. पावसाळ्यात गोव्याची नाकेबंदी करण्याची गरजच नव्हती. ते काम समुद्र करत होता. पोर्तुगीज आणि डच एकमेकांचे कट्टर वैरी होते, तरी हे वेळापत्रक दोघांनीही सारखेच मान्य केले होते.

मराठी आरमाराने याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्याने बंद दर्याला राज्यकारभाराच्या नियमांत स्थान दिले. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात पावसाळी छावणीचा विचार आहे. समुद्र खवळण्याआधी काही दिवस जहाजे आत घ्यावीत, उघड्या बंदरात ठेवू नयेत, आणि छावणीचे ठिकाण दरवर्षी बदलत राहावे, म्हणजे एकाच मुलखातल्या रयतेवर आरमाराचा भार पडणार नाही, असा त्याचा आशय आहे. यातला प्रत्येक मुद्दा मोलाचा आहे. समुद्र खवळल्यावर जहाज आत घेणे म्हणजे दांड्यावरच्या फुटत्या लाटांतून येणे, म्हणून आधी. उघड्या बंदरात लाटेला अडवायला काही नाही, म्हणून खाडीत. आणि शेकडो खलाशी चार महिने एका गावावर बसले तर गाव भिकेला लागणार. म्हणून ठिकाण बदलते. लाटेचे भान, किनाऱ्याचे भान आणि रयतेचे भान एकाच कलमात आले आहे. लाचारीने घरी बसलेली माणसे असे नियम करत नाहीत. ज्यांना वर्षाचा हा भाग आपल्या योजनेत धरायचा असतो, ती करतात.

यावर कोणी खांदेरीचे उदाहरण पुढे करील. १६७९ च्या ऑगस्टअखेर, म्हणजे दर्या पुरता उघडलेला नसताना, शिवछत्रपतींच्या आरमारातल्या मायनाक भंडारी यांनी माणसे नेऊन खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले. मग शिरस्ता पाळला गेला कुठे? पण हे उदाहरण नीट पाहिले तर उलटच सिद्ध होते. खांदेरी थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. स्थानिक माणसे लहान, कमी पाणी लागणाऱ्या होड्यांतून भरतीचा आणि उघाडीचा नेम साधून तेवढे अंतर काटू शकत होती. हे काम रोखायला मुंबईहून आलेल्या इंग्रजांना मात्र खवळलेल्या पाण्यात बेटाभोवती टिकून राहणे कठीण गेले. समुद्र ज्या काळात मोठ्या जहाजांना बंद असतो, तोच काळ छोट्या होड्यांच्या थोडक्या अंतरासाठी निवडला गेला. नियम तोडणे वेगळे आणि नियमाची कड नेमकी कुठे आहे हे ठाऊक असणे वेगळे. पुढच्या शतकात इंग्रजांनीही तो धडा घेतलेला दिसतो. कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्गावर हल्ला केला तो २ एप्रिल १७५५ रोजी. त्यानंतर पावसाळा तोंडावर आल्याने मोहीम थांबली आणि विजयदुर्गावरचा निर्णायक हल्ला झाला तो फेब्रुवारी १७५६ मध्ये. तुळाजी आंग्र्यांचे आरमार त्या हल्ल्यात जळाले. मधल्या दहा महिन्यांत राजकारण पुष्कळ घडले, पण तोफा दर्या उघडेपर्यंत थांबल्या. त्याआधी चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तीही १७३९ च्या मे महिन्यात, पाऊस उंबऱ्यावर असताना. कोकणच्या लढायांच्या तारखा एकाखाली एक मांडल्या तर त्यात समुद्राचे वर्ष स्पष्ट वाचता येते.

आता एक अधिक अवघड प्रश्न. पावसाळ्यातही चार-चार दिवस उघाडी पडते, ऊन लख्ख असते, वारा मंद असतो. मग एवढा मोठा हंगामच्या हंगाम बंद का? दिवस पाहून का जायचे नाही? याचे उत्तर असे की समुद्र आपल्या डोक्यावरच्या आभाळावर चालत नाही. वाऱ्याच्या टापूतून बाहेर पडलेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर शक्ती फारशी न गमावता जातात. वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दक्षिण गोलार्धातल्या वादळांनी उठवलेल्या लाटांचा माग पॅसिफिक ओलांडून थेट अलास्कापर्यंत काढला होता. आपल्या किनाऱ्यावरही अशा लाटा दक्षिण महासागरातून येतात. कोकणात ऊन पडले असताना दूरच्या वाऱ्याची लाट दांड्यावर येऊन फुटू शकते. प्रवाहांचेही तसेच. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे. हिवाळ्यात वारा मात्र साधारण उत्तरेकडूनच येत असतो. वाऱ्याच्या विरुद्ध प्रवाह कसा, हे कोडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सतीश शेट्ये आणि इतर अभ्यासकांनी १९९० च्या दशकात उलगडत नेले. बंगालच्या उपसागरातल्या बदलांचा परिणाम किनाऱ्याला चिकटून जाणाऱ्या लांबलचक, डोळ्यांना न दिसणाऱ्या लाटांच्या रूपाने श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर पोचतो आणि इथला प्रवाह फिरवतो. सेकंदाला पाव मीटर एवढा मंद प्रवाहही चोवीस तासांत गलबताला वीसेक किलोमीटर सरकवतो. जुन्या तांडेलांना, म्हणजे होडीच्या म्होरक्यांना, उपसागर आणि अदृश्य लाटा यांची कल्पना नव्हती. पण आजचे आभाळ पाहून दर्याचा भरवसा धरायचा नाही, हंगाम पाहून धरायचा, हा त्यांचा नियम त्या कारणांशी तंतोतंत जुळतो. कारण ठाऊक नसताना नियम अचूक असणे हे ज्ञानच आहे. जगातले पुष्कळसे शास्त्र तिथूनच सुरू झाले.

नारळी पौर्णिमेबद्दलचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. श्रावणातली ही पौर्णिमा कधी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येते, कधी अखेरीस. २०२० साली ती ३ ऑगस्टला होती आणि २०२३ साली, अधिक श्रावणामुळे, ३० ऑगस्टला. जी तारीख चार आठवडे मागेपुढे होते ती समुद्राचे शास्त्र कशी असेल? आक्षेप रास्त आहे, पण तो पूर्ण चित्र पाहत नाही. किनाऱ्यावर दर्या बंद करण्याची खूण सौर आहे: मृग नक्षत्र, जे सूर्याच्या गतीवर ठरते आणि दरवर्षी ७ जूनच्या आसपासच लागते. बंद करण्यात हयगय परवडत नाही, म्हणून तिथे तारीख पक्की. दर्या उघडण्याची खूण चांद्र आहे, आणि तिचा संबंध भरतीशी लावता येतो. पौर्णिमा आणि अमावास्येला चंद्र-सूर्य एका रेषेत येतात, उधाणाची भरती येते आणि खाडीत, काठावर दोन-अडीच महिने उभी असलेली गलबते पाण्याला लावायला आणि दांडा ओलांडायला जास्तीत जास्त पाणी मिळते. कोळी समाजाच्या रोजच्या कामातही हेच चक्र आहे. डोलीचे जाळे खुंटांना किंवा नांगरांना बांधून प्रवाहाच्या तोंडावर धरतात. माशांचा पाठलाग होत नाही, पाणी स्वतः मासळी जाळ्यात आणून घालते. भरती किंवा ओहोटी संपून पाणी थबकले की जाळे उचलायचे. उधाणाला प्रवाह जोरात, म्हणून बोंबील भरपूर. भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, प्रवाह मंद, म्हणून जाळे हलके. ज्यांचे पोट चंद्राच्या कलांवर चालते त्यांनी हंगामाचा आरंभ पौर्णिमेला धरला, यात अंधश्रद्धा कुठली? शिवाय नारळ अर्पण केला म्हणजे त्याच दिवशी सगळ्या होड्या सुटत असत असे नव्हे. पौर्णिमा ही समाजाची परवानगी होती. प्रत्यक्ष निर्णय दांड्यावरचे पाणी पाहून तांडेल घेत असे. आधी कोणी जायचे नाही, हा तिचा खरा अर्थ. एकाने लोभाने होडी काढली की दुसऱ्यालाही काढावी लागते, आणि ही स्पर्धा जीवघेणी ठरते. व्रताच्या रूपातला हा सामाजिक करार होता.

राहिला इंजिनाचा प्रश्न. वाफ आली, मग डिझेल आले, आता वाऱ्याची पर्वा कशाला, असे एकोणिसाव्या शतकापासून म्हटले जाते. इंजिनाने वाऱ्यावरचे अवलंबन संपवले हे खरे. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० च्या मार्चमध्ये मुंबईहून सुएझला गेली, तेव्हापासून हंगामाची वाट पाहण्याची सक्ती सैल होत गेली. पण लाट दांड्यावर कशी फुटते यात इंजिनाने काही बदल केला नाही. म्हणून तर मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या कोकणच्या बोटी आगबोटी असूनही पावसाळ्यात बंद राहत, आणि गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याला घाटाची वाट धरावी लागे. जिथे हा विवेक सुटला तिथे किंमत मोजावी लागली. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या दिवशी, ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अंतर अवघ्या काही मैलांचे, रोजच्या सरावाचे. वाटेत खवळलेल्या समुद्राने तिला एका अंगावर घेतले, बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोट पोलादी होती, इंजिन शाबूत होते. अमावास्येचे उधाण, मान्सूनची लाट आणि माणसांनी भरलेली बोट, एवढ्यावर सारे संपले. पुढारलेल्या यंत्राने जुन्या शिरस्त्याची गरज संपवली, असे म्हणणाऱ्याने ही तारीख विसरू नये.

आज दर्या बंद ठेवण्याचे काम सरकार करते आणि त्याचे कारण माशांची वीण असे सांगते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी आहे. हे कारण खरे आहे, आणि त्याचे मूळही प्रवाहातच आहे. मान्सूनच्या काळात खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी किनाऱ्यालगत वर येते. केरळ-कर्नाटकात ही क्रिया जोरात, कोकणाकडे येता येता मंद. त्या पाण्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांच्यावर मासळीची पिल्ले. जुन्या शिरस्त्याने दोन्ही गोष्टी एकदम साधल्या होत्या: माणसे वाचत होती आणि मासळीही. पण वीण हेच एकमेव कारण मानले की बंदीचे दिवस ही मोजून काढायची सवलत वाटू लागते आणि १ ऑगस्टच्या पहाटे बोटी सुटतात, लाट अजून उतरलेली असो वा नसो. पूर्वी महाराष्ट्रातली बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. शेवटच्या तारखेपुरते पाहिले तर जुना नियम समुद्राच्या अधिक जवळ होता. किनाऱ्यावरच्या अनेक मच्छीमार संघटना बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा अशी मागणी करतात, ती हटवाद म्हणून बाजूला सारण्यासारखी नाही. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था आता रोज लाटांचा अंदाज देते, समुद्रात तरंगत्या यंत्रांच्या नोंदी आहेत, आणि किनाऱ्यावर अजून असे तांडेल आहेत ज्यांना आपल्या खाडीचा दांडा पाठ आहे. बंदी उठवण्याची तारीख या तिघांनी मिळून, प्रत्येक वर्षीच्या लाटा पाहून ठरवावी. ज्या किनाऱ्याने दोन हजार वर्षे समुद्राचे ऐकून आपला कारभार चालवला, त्याला हे अवघड जाण्याचे काही कारण नाही.